निम्म्या पगाराचा उन्हाळा

परवा मंडईतून भाजी घेऊन घरी निघालो होतो. टिळक रस्त्यामागच्या एका गल्लीत रिक्षा अडली. पुढे शाळेचं फाटक होतं आणि फाटकासमोर माणसांचा घोळका. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या हातात दही-साखरेचा डबा, आणि मुलांची तोंडं शेवटच्या क्षणापर्यंत पुस्तकात. दहावीची परीक्षा सुरू झाली होती. रिक्षावाला इंजिन बंद करून मागे वळला आणि म्हणाला, "काका, परीक्षा पोरांची, पण गल्ली अडवणार आईबाप. आत सोडत नाहीत म्हणून. नाहीतर पेपरही हेच लिहितील."

"मला इथेच उतरू द्या," मी म्हटलं.

"इथे? धायरीला जायचंय म्हणालात ना?"

"जाईन मागाहून."

या आजोबांना आपलं घर तरी आठवतंय ना, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पैसे दिले, मेथीच्या जुड्या डोकावणारी पिशवी सांभाळत पलीकडच्या फुटपाथवर गेलो. तिथे एक करंजाचं झाड आहे. मार्चच्या सुरुवातीला ते अगदी केविलवाणं दिसतं. पानांवर धूळ, चट्टे, खाली वाळक्या शेंगांचा कचरा. पण महिना सरेपर्यंत त्याच फांद्यांवर इतकी पोपटी, तुकतुकीत पालवी येते की कुणीतरी झाड बदलून ठेवलं असं वाटावं. हे मला माहीत आहे, कारण एका वर्षी दहावीची अख्खी परीक्षा मी या झाडाखाली उभं राहून काढली आहे.

त्या वर्षी मुक्ता, माझी मुलगी, दहावीला होती. आणि मी बेकार होतो.

बेकार हा शब्द आता इतक्या सहज लिहिला, पण त्या वेळी तो तोंडातून निघत नसे. पिंपरीच्या पलीकडे एका मोठ्या कंपनीत मी ड्रॉइंग विभागात होतो. यंत्रांना लागणाऱ्या हत्यारांचे, साच्यांचे आराखडे काढायचे. कॉलेज संपल्या संपल्या तिथे चिकटलो तो थेट केस पांढरे होईपर्यंत. मग कंपनीनं विभागच बंद केला आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यात माझी इच्छा काय आहे, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ देणं ही कुणाची कल्पना होती, कोण जाणे.

सुरुवातीला मजा वाटली, हे खोटं नाही. दुपारची झोप, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत. मी स्वयंपाक शिकलो. माझी बायको नीला एका सहकारी बँकेत होती. तिचा डबा मी करू लागलो. आमटीला आधी फोडणी की आधी डाळ, इथपासून सुरुवात होती, पण दिवाळीपर्यंत माझी आमटी बरी होऊ लागली. नीलाच्या बँकेतल्या मैत्रिणी ती मागून खात. पण त्याच वेळी मुलाखतीही चालू होत्या, आणि तिथली आमटी काही जमत नव्हती. टेबलापलीकडे बसलेली तरुण माणसं फार नम्रपणे बोलत. "सर, आपला अनुभव आमच्यासाठी फारच जास्त आहे," असं म्हणत. पाहुण्याला निरोप द्यावा तसे दारापर्यंत सोडायला येत. संक्रांतीपर्यंत बोलावणीही थांबली.

सकाळी धायरी फाट्यावर कंपनीची बस यायची. माझ्या जुन्या बसची वेळ मला नको असतानाही ठाऊक होती, म्हणून मी दूध आणायला मुद्दाम उशिरा जायचो. एकदा चुकलो. बस समोरच उभी राहिली आणि ड्रायव्हरनं सवयीनं दार उघडलं. मी हात हलवून नाही म्हटलं. त्यानं दार लावलं. एवढंच झालं. पण त्या दिवशी मी दूध न घेताच घरी आलो.

अशा परिस्थितीत मार्च उजाडला. मुक्ताचं परीक्षा केंद्र गावात, याच शाळेत आलं. इतर मुलांना कोण सोडणार, कोण आणणार याची चर्चा आठवडाभर चालली होती. आमच्याकडे चर्चेला वावच नव्हता. मी रिकामा होतो. स्कूटरवर मागे मुक्ता, तिच्या मांडीवर लिहायचं पॅड, आणि सिंहगड रस्त्यावरचं सकाळचं ऊन. राजारामपुलाजवळ उसाच्या गुऱ्हाळांच्या घंटा वाजायला लागलेल्या असायच्या. कलिंगडांचे ढीग, ओल्या पोत्याखाली झाकलेले माठ. हवेत अजून पहाटेचा गारवा शिल्लक असायचा, आणि परत येताना तीच हवा तोंडावर भाजायची. आजही मार्चचं ऊन असं मागून मानेवर आलं की माझ्या पाठीला मुक्ताच्या पॅडचा कोपरा टोचतो.

मराठीचा पेपर होता. मुलं आत गेली, फाटक बंद झालं, आणि बाहेर राहिलेल्या पालकांनी झाडाखाली जागा धरल्या. बहुतेक आयाच. कुणी विणकाम काढलं, कुणी चहाचा थर्मास. मी एकटाच पुरुष. थोड्या वेळानं एक बाई म्हणाल्या, "अहो, आपलं बरंय हो. आमच्या ह्यांना एक दिवस रजा मिळाली नाही. आपण कुठे असता?"

पुण्यात हा प्रश्न राहण्याबद्दल नसतो. कुठे असता म्हणजे कुठे नोकरीला असता. इतके महिने मी या प्रश्नाला वळसे घालत होतो. कन्सल्टिंग, घरूनच थोडंफार, एकदोन ठिकाणी बोलणी. त्या दिवशी का कोण जाणे, वळसा घ्यायचाच कंटाळा आला.

"घरीच असतो," मी म्हणालो. "नोकरी गेली माझी. शोधतोय."

विणकामाच्या सुया थांबल्या. प्रश्न विचारणाऱ्या बाई थर्मासचं झाकण उगीचच घट्ट करत राहिल्या. मला वाटलं, आता उठून स्कूटरजवळ जावं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मग उत्तम झालं. पुढच्या पेपरला लवकर या आणि सावलीतली ही जागा धरून ठेवा. मला कारखाना उघडून यावं लागतं, तोपर्यंत सगळी सावली संपलेली असते."

मी वळून पाहिलं. सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, चष्मा कपाळावर ढकललेला. या शेवडेबाई. त्यांची मुलगी केतकी मुक्ताच्याच वर्गात होती. सासऱ्यांनी सुरू केलेला खडकीतला छोटा कारखाना नवरा गेल्यावर त्या एकट्या चालवत होत्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की या बाईंना माझी कीव आलेली नाही. केवढं हलकं वाटलं त्यानं!

परत येताना दांडेकर पुलाच्या सिग्नलला मुक्ता मागून म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगितलंत? केतकीची आई तिला फाटकात सांगत होती."

"हो. का गं? नको होतं सांगायला?"

"नाही, बरं झालं," ती म्हणाली. "मी वर्गात प्रत्येकीला वेगवेगळं सांगितलं होतं. कुणाला काय सांगितलं, ते लक्षात ठेवायला लागायचं. त्यापेक्षा सनावळ्या सोप्या."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा मी निघालो. आपलं बेकार असणं फक्त आपलंच आहे, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

इंग्रजीच्या पेपरला मी सावलीतली जागा धरून ठेवली. शेवडेबाई आल्या त्या घामाघूम होऊन. पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "काय काम करत होतात आपण?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे हातानं ड्रॉइंग काढता येतं? वस्तू बघून?" मी हो म्हटलं. मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लाकडाचा छोटा पाट, त्यावर पितळी दांडी, दांडीच्या टोकाला खोबण. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंग उभं करायचा स्टँड. शेवडेबाईंचा कारखाना शाळांना लागणारी असली उपकरणं करत असे. तराजू, वजनं, लंबक, भिंगांचे स्टँड.

त्यांनी तो स्टँड फुटपाथच्या फरशीवर ठेवला आणि बोटानं टोचला. तो डुगडुगला.

"दर वर्षी शाळांची हीच तक्रार. मूल भिंगातून बघायला जातं आणि मेणबत्तीची प्रतिमा भिंतीवर नाचते. निरीक्षण काय लिहिणार, कपाळ? नेता का घरी? बघा काही सुचतंय का."

मी तो घरी नेला. आमच्या घरात तेव्हा एकच मोठं टेबल होतं. एका टोकाला मुक्ता भूमितीची प्रमेयं पाठ करत बसलेली, दुसऱ्या टोकाला मी तो स्टँड समोर ठेवून. माझी ड्रॉइंगची पेटी माळ्यावर होती, कंपनीतून आणली तशी सुतळीनं बांधलेली. ती काढायला हात जात नव्हता. मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर फूटपट्टीनं रेघा मारत होतो. मुक्तानं मान वर न करता आपली कंपासपेटी माझ्याकडे सरकवली. "भूमिती परवा आहे," ती म्हणाली. "तोपर्यंत घ्या. पण पेन्सिलीला टोक करून परत द्या."

खरं तर उत्तर अवघड नव्हतं. पाट एकसंध लाकडाचा, पावसाळ्यात तो जरासा वाकतो, आणि चारही कोपऱ्यांवर टेकत असल्यामुळे कुठलातरी एक कोपरा उचललेला राहतो. त्याला तीन पाय दिले की संपलं. टेबल कितीही उंचसखल असो, तीन पाय टेकतातच. शाळेची टेबलं कशी असतात ते मुक्ताला विचारलं. ती म्हणाली, "कर्कटकानं कोरलेली." दोघांनीही हसून घेतलं. बाहेर कडुनिंबाला मोहोर आला होता. संध्याकाळी त्याचा तो कडवट गोड वास टेबलापर्यंत यायचा. त्या दोन दिवसांत मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावर चढलो आणि सुतळी कापली.

भूमितीच्या पेपरला मी शेवडेबाईंच्या हातात ड्रॉइंग दिलं. त्यांनी ते उन्हात धरून उलटसुलट पाहिलं, घडी केली, पिशवीत टाकलं. "खडकीला या उद्या," एवढंच म्हणाल्या.

खडकीचा तो कारखाना बाजाराच्या मागे, रेल्वेच्या रुळांच्या अंगाला होता. पत्र्याचं छप्पर, आत लेथचा घरघराट, आणि पितळेच्या किसाचा तो विशिष्ट आंबूस वास, जो बोटांना लागला की साबणानंही जात नाही. दारातच मी तो वास छातीभर घेतला. मला वाटलं होतं, बाई आधी कारखाना दाखवतील. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा. आधी पगार सांगते, मग कारखाना दाखवते. आधी कारखाना दाखवला की माणसं भावनेच्या भरात हो म्हणतात आणि दोन महिन्यांनी तोंड पाडून निघून जातात."

त्यांनी आकडा सांगितला. माझ्या जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी. कानशिलं गरम झाली. मला वाटतं, ते त्यांना दिसलं असावं.

"थट्टा करत नाहीये," त्या म्हणाल्या. "याहून जास्त द्यायची माझी ऐपत नाही. आमच्या सय्यदभाईंना जेवढं मिळतं तेवढंच तुम्हाला, आणि ते इथे लेथवर म्हातारे झालेत. काम मात्र भरपूर आहे. सासऱ्यांच्या वेळचीच ड्रॉइंग अजून वापरतोय आम्ही. सगळी नव्यानं करायचीत. विचार करा. पण इतिहासाच्या पेपरपर्यंत सांगा."

मग त्यांनी कारखाना दाखवला. फळ्यांवर वजनांच्या पेट्या, मखमलीच्या खाचांत बसवलेली चिमुकली पितळी वजनं. लाकडाच्या भुशात ठेवलेली भिंगं. सय्यदभाईंनी लेथ थांबवला, माझ्याच ड्रॉइंगवरून केलेला तीन पायांचा स्टँड समोर ठेवला आणि म्हणाले, "हलवून बघा." मी हलवला. तो उभा राहिला. आम्ही तिघंही त्याच्याकडे उगीचच बघत राहिलो.

घरी येताना मात्र तो आकडाच डोक्यात होता. लोकांना वाटतं, कमी पगार म्हणजे कमी भाजी, कमी कपडे. ते तर आहेच. पण आकडा म्हणजे आपली उंची, असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. बारा महिने तेरा काळ वाढतच जाणारी वस्तू एकदम खाली येते तेव्हा आपण स्वतःच बुटके झालो असं वाटतं. कंपनीत माझ्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डवर बसणारा जोगळेकर, माझा जुना मित्र, मी फोनवर सांगताच त्या संध्याकाळी मुद्दाम घरी आला. तो चाकणकडे कुठेतरी लागला होता.

"वेडा आहेस का?" तो म्हणाला. "थांब अजून सहा महिने. एकदा खाली उतरलास की पुढचा प्रत्येक माणूस तिथूनच मोजायला लागेल. तुला कळत नाहीये, तू स्वतःची किंमत स्वतः पाडतोयस."

त्याचं चुकत नव्हतं. त्याला खरोखर काळजी होती, म्हणून तर तो गावाबाहेरून आला होता. मी त्याला पोचवायला खाली उतरलो. परत येताना कट्ट्यावर बबनमामा बसलेले दिसले. आमची इमारत ज्या शेतात उभी आहे ते शेत त्यांचं. जमिनीचा पैसा आला, मुलांनी बंगला बांधला, दारात दोन गाड्या. बबनमामा रोज संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर येऊन बसत. मी शेजारी टेकलो आणि काही न ठरवता त्यांना सगळं सांगितलं.

ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "सायेब, माझ्याकडं पैका हाय. पोरं म्हनत्यात, बसून खा. पर सकाळ झाली की पाय आपसूक शेताकडं निघत्यात. थितं आता तुमची बिल्डिंग हाय. म्हनून हितं येऊन बसतो. तुमाला जायाला जागा गावली, तर कितीला गावली ते काय इचारताय?"

जोगळेकर बरोबर होता आणि बबनमामाही. दोघं बरोबर असले की माणसानं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

नीला त्या दिवशी बँकेतून उशिरा आली. मी चहा केला. तिनं चपला काढल्या, पाय वर घेऊन बसली. मी सांगू लागलो. कारखाना, स्टँड, सय्यदभाई. आकड्यापाशी येऊन अडखळलो.

"आकडा नका सांगू," ती म्हणाली. "दिवसभर बँकेत आकडेच बघते मी. कमी आहे, एवढं कळलं तुमच्या तोंडावरून."

"निम्म्याहून कमी आहे, नीला. धनकवडीला मोठं घर घ्यायचं होतं, ते विसरावं लागेल. मुक्ताचं पुढचं शिक्षण..."

"ते बघू." तिनं कप खाली ठेवला. "अहो, मी संध्याकाळी फाट्यावरून चालत येते ना, तेव्हा लांबूनच आपली खिडकी दिसते. रोज तुम्ही तिथे उभे असता. मी येतेय का बघत नसता, नुसतेच उभे असता. कोपऱ्यावर आले की माझी पावलं जड होतात. घरी यायचं म्हणून नाही, तुम्हाला तसं बघायचं म्हणून. इतके महिने बोलले नाही. आता तुम्ही विचारताय म्हणून सांगते." मग जराशानं, चहाकडे बघत, "दोन दिवस नव्हतात तिथे. त्या स्टँडपायी. मला कळेना, खिडकी रिकामी का. घाबरून जिना धावत चढले मी."

नीलानंच विषय बदलला आणि विचारलं, आज डब्यातल्या आमटीत चिंच का नव्हती.

इतिहासाच्या पेपरला मी गेलो तेव्हा करंजाची जुनी पानं जवळजवळ गळून गेली होती, आणि काटक्यांच्या टोकांना ओली, चकचकीत पालवी फुटत होती. सावली मात्र उरली नव्हती. सगळ्याजणी छत्र्या उघडून उभ्या. शेवडेबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून येऊ?" मी म्हणालो.

"भूगोल झाला की," त्या म्हणाल्या. आणि छत्रीची अर्धी सावली माझ्या बाजूला केली.

भूगोल झाला. मुक्तानं घरी येऊन पुस्तकं पलंगाखाली ढकलली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. मी मात्र पहाटेच उठलो होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, नीलानं भरलेला डबा. डबा ती भरणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. खडकीला पोचलो तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा झाला. माणसांचे, सायकलींचे लोंढे रस्त्यानं चालले होते. त्या लोंढ्यातून स्कूटर हाकताना आपणही कुठेतरी जातोय, आपल्यालाही उशीर होऊ शकतो, या गोष्टीचा मला इतका आनंद झाला की सांगून खरं वाटणार नाही.

त्या एप्रिल-मे महिन्यांचं आता काय काय आठवतं! पत्रा तापला की दुपारी सय्यदभाई छपरावर पाणी मारायचे, आणि खाली आमच्या टेबलांवर थेंब टपकायचे. मी ड्रॉइंग उचलून पळायचो. जेवताना सगळे एकत्र बसायचे. कुणाच्या डब्यातलं कैरीचं तक्कू, कुणाकडची सुकी मच्छी, शेवडेबाईंचं मेतकूट. पहिले काही दिवस मला सगळे साहेब म्हणत. एकदा पितळेचा कीस डोळ्यात गेला म्हणून मी लहान मुलासारखा ओरडलो, त्या दिवसापासून काका झालो. रुळांवरून लोणावळ्याची लोकल गेली की पेट्यांतली वजनं बारीक किणकिणायची. संध्याकाळी हात धुतले तरी पितळेचा वास जायचा नाही. नीला म्हणायची, मुंजीतल्या भांड्यांसारखा वास येतो तुम्हाला.

सगळं गोड होतं असं नाही. महिनाअखेरीला पाकीट हातात आलं की क्षणभर जीव खट्टू व्हायचा, आणि हे बरीच वर्षं चाललं. धनकवडीचं घर राहिलं ते राहिलंच. धायरीच्या दोन खोल्यांतच आम्ही म्हातारे झालो. त्या मे महिन्यातच नीलाच्या भाच्याचं लग्न होतं. पंगतीत तिच्या मोठ्या भावानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग काय भावजी, सध्या कुठे? कंपनीनंतर म्हणजे काय, आता आराम?"

"शाळांसाठी भिंगाचे स्टँड करतो," मी म्हणालो.

दोनचार माणसं हसली. मीही ओशाळं हसणार होतो. पण पलीकडच्या पानावरून, जिलेबीचा तुकडा मोडत, नीला शांतपणे म्हणाली, "आणि ते डुगडुगत नाहीत." पंगतीत ते कुणालाच कळलं नाही. मला कळलं.

निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिलो. जोगळेकरनं मधे दोन नोकऱ्या बदलल्या, घर मोठं केलं, रक्तदाबही मोठा केला. आम्ही अजून भेटतो आणि तो अजून म्हणतो की मी थांबायला हवं होतं. असेल. मुक्ता तंत्रनिकेतनातून शिकली. तिच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत आमचे तराजू होते, आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नाही, कारण एव्हाना तिला सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं. शेवडेबाई आता कारखान्यात येत नाहीत. केतकी बघते सगळं. दिवाळीला मेतकुटाची बरणी मात्र अजून येते.

त्या सगळ्या उन्हाळ्यातली सगळ्यांत लख्ख आठवण वेगळीच आहे. कामावर रुजू झाल्यानंतरचा पहिला रविवार. मी जागा झालो तेव्हा ऊन पार भिंतीवर चढलं होतं. घरात पोह्यांची फोडणी पडल्याचा वास. मी अंथरुणातच पडून राहिलो. अंगातला एकेक सांधा दुखत होता, आणि ते दुखणंही सुखाचं होतं. माझ्या लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत मला रविवार आलाच नव्हता. बेकार माणसाला सगळे वार सारखेच. काही करायचं नसतं तेव्हा काही न करण्याची चैनही जाते. आणि आता तो आला होता, पुरा, अख्खा, हक्काचा.

नीला बाहेरूनच बोलत होती. "अहो, उठलात का? गिरणीत जाऊन यायचंय. आणि तो नळ गळतोय केव्हाचा. गच्चीवरच्या पापडांवर कापडही घालायचं राहिलंय."

"आज नाही," मी पडल्या पडल्या म्हणालो. "आज रविवार आहे."

बाहेर झाऱ्याचा आवाज थांबला. मला वाटलं, चिडली. बँकेत आठवडाभर राबून आलेली बाई, आणि हा चार दिवस कामाला काय गेला तर अंथरुणातून रविवार सांगतोय. मी उठून बसलो. तेवढ्यात ती दारात आली. एका हातात झारा, पदर खोचलेला, कपाळावर घाम. माझ्याकडे बघत राहिली, आणि मग काय झालं कोण जाणे, हसायलाच लागली. झारा तिनं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला, खोचलेला पदर सोडला, आणि माझ्या शेजारी पलंगावर भिंतीला टेकून पाय पसरून बसली.

"मग आज माझाही रविवार," ती म्हणाली, आणि गॅसवर पोहे होते ते दोघंही विसरलो.